रेडीरेकनरमध्ये पुराच्या पाण्याची नोंद व्हावी

प्रति,
मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

सोलापुरात घर पाहायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो नळाला किती दिवसांनी पाणी येते हा; घरात पाणी किती शिरले होते, हे विचारण्याची सवय या अवर्षणप्रवण जिल्ह्याला नव्हती. ती सप्टेंबर 2025 ने लावली. सीनेच्या पुरामुळे लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद ठेवावा लागला आणि शहरातील सखल वसाहतींत नाल्यांचे पाणी शिरले. त्यांपैकीच एका वसाहतीत मी राहतो.

त्याच वर्षी 1 एप्रिलपासून आपल्या खात्याने रेडीरेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी शासन ठरवते त्या जमीन-घरांच्या किमतींचे, दर वाढवले होते, आणि सोलापूर महापालिका क्षेत्रातील 10.17 टक्के वाढ राज्यातील महापालिकांमध्ये सर्वाधिक होती. वाढीबद्दल माझे म्हणणे नाही. एकाच मूल्यविभागातले उंचवट्यावरचे घर आणि नाल्याकाठचे घर एका दराने मोजले जाते, याबद्दल आहे. कारण बाजार तसे मोजत नाही.

पाणी ओसरल्यावर आमच्या ओळीतील एका शेजाऱ्यांनी घर विक्रीस काढले. गिऱ्हाइकाने भिंतीवरची चिखलाची रेघ पाहून भाव पाडून मागितला, त्यात त्याचे काही चुकले नाही. परंतु ठरलेली किंमत रेकनरपेक्षा कमी असली, तरी मुद्रांक शुल्क दोहोंतील जास्त रकमेवरच भरावे लागते. शिवाय तफावत 10 टक्क्यांच्या पुढे गेली, तर ती आयकराच्या हिशेबात विकणारा आणि घेणारा या दोघांच्याही अंगावर येते. मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे योग्य किंमत व शुल्क ठरवून घेण्यासाठी, जाता येते हे खरे, पण विसार देऊन बसलेला माणूस तेवढा थांबत नाही. शेजाऱ्यांचा व्यवहार मोडला. त्याच रांगेत ज्यांनी रेघेवर रंग मारला, त्यांना मात्र पुरेपूर भाव मिळाला.

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे, स्वतःला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न कळणारा मोठा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. व्यवहारात, दोन उन्हाळे गेले की पूर विसरला जातो आणि भाव पूर्ववत होतो, धोका मात्र तेवढाच राहतो. निळी पूररेषा साधारणपणे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात, म्हणजे दरवर्षी 4 टक्के शक्यता. ऐकायला ती किरकोळ वाटते. पण 20 वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता 56 टक्क्यांच्या आसपास भरते. बँकेचे वकील मालकीहक्काचा शोध 30 वर्षे मागे घेतात. पाण्याचा शोध घेतलेला मी तरी पाहिलेला नाही.

माझी विनंती अशी, की दरतक्त्याच्या पुढील सुधारणेत पूरबाधित सर्व्हे नंबरांचे वेगळे उपविभाग पाडून त्यांचे दर प्रत्यक्ष बाजाराला धरून ठरवावेत, आणि खरेदीखतात पूररेषेतील स्थान व यापूर्वी शिरलेले पाणी यांसाठी एक रकाना असावा. यासाठी नव्या सर्वेक्षणाची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण नुकसानीचे पंचनामे शासनाच्याच दफ्तरी आहेत.

यामुळे मुद्रांक शुल्काचा महसूल थोडा घटेल, आणि माझ्या घराची किंमतही कागदावर उतरेल. बाजारात ती आधीच उतरली आहे. माझ्या घराच्या पंचनाम्यात पाणी गुडघाभर असल्याची नोंद आहे. ती उद्या माझ्या दस्तात आली, तर माझी हरकत नाही.

आपला नम्र,
एक घरमालक, सोलापूर