मागे चिकटणारी गाडी आणि दुचाकीचा ब्रेकलाइट

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘मागून आलेल्या वाहनाची दुचाकीला धडक’ अशी बातमी वर्तमानपत्रांत वारंवार येते. त्यात वेग असतो, खड्डा असतो, कधी दारूही असते. दोन गाड्यांमध्ये अंतर किती होते आणि पुढच्या दुचाकीचा ब्रेकलाइट लागत होता का, हे मात्र सहसा नसते. आपल्या बातमीदारांनी हे दोन प्रश्न जागेवर विचारायला सुरुवात करावी, ही आमची पहिली विनंती. मागे चिकटून येणाऱ्या गाडीपुढे दुचाकीस्वाराने काय करावे, हे कुठे नीट सांगितले जात नाही, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी हिशेब. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. पुढचा दिवा दिसून मागच्या चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक ते दीड सेकंद जातो. दीड धरला तर तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे आलेली असते, ब्रेक त्यानंतर लागतो. कोरड्या डांबरावर चांगल्या ब्रेकची मोटार तिथून पुढे साधारण २० मीटरमध्ये थांबते. दुचाकीलाही थांबायला जवळपास तेवढेच लागतात, त्यामुळे दोघांमध्ये निदान ते पहिले २५ मीटर असायलाच हवेत. रस्त्यावर आपण पाहतो ते अंतर बरेचदा एका मोटारीच्या लांबीएवढे, म्हणजे चारेक मीटर असते. चार मीटर म्हणजे पाव सेकंद. एवढ्या वेळात कसलेल्या चालकाचाही पाय हलत नाही. भरलेल्या ट्रकचे गणित याहून वाईट आहे. त्याला थांबायला जास्त जागा लागते, शिवाय हवेच्या ब्रेकमध्ये पेडल दाबल्यापासून चाकापर्यंत दाब पोचायला वेळ जातो. तो अर्धा सेकंद धरला तरी आणखी आठ मीटर गेले.

दुचाकीच्याच मागे लोक इतके का चिकटतात? एक तर दुचाकी अरुंद असते. तिच्या दोन्ही बाजूंनी पुढचा रस्ता दिसत राहतो आणि मागच्याला तो मोकळाच वाटतो. बिनबॉनेटच्या उंच ट्रकमध्ये तर अगदी नाकासमोर आलेली दुचाकी चालकाला दिसतही नाही. दुसरे कारण आपल्या बाजूचे आहे. दुचाकीस्वार ॲक्सिलरेटर सोडून किंवा गिअर उतरवून वेग कमी करतो. गाडी लगेच मंदावते, पण ब्रेकला हात-पाय लागलेला नसल्यामुळे मागचा लाल दिवा लागतच नाही. मागच्याला कळते तेव्हा उशीर झालेला असतो. तिसरे, १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे. अशी दुचाकी घाबरून दाबलेल्या ब्रेकवरही सरळ आणि लवकर थांबते. मागच्याच्या डोक्यात मात्र जुन्या, लांबवर घसटत जाणाऱ्या गाडीचा अंदाज असतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे लांबचा दुचाकीप्रवास होतो तो जुन्या महामार्गांवर, ट्रक-बसच्या सोबतीने. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता सगळ्यांना माहीत आहे. अशा उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की इंजिनचा अडसर संपतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि तापले की धरत नाहीत. त्यामुळे लांब उतारावर भरलेल्या ट्रकच्या पुढे राहायचेच नाही, असा नियम दुचाकीस्वाराने स्वतःला घालून घ्यावा. एक तर त्याला सरळ रस्त्यावर आधीच पुढे जाऊ द्यावे, नाहीतर उतार सुरू होण्यापूर्वी डावीकडे पक्क्या जागी थांबून घ्यावे.

आता चालवताना काय करायचे ते. मागची गाडी चिकटली की बहुतेक जण वेग वाढवतात. तो उपाय नाही, मागचाही वेग वाढवतो आणि तेच चार मीटर अंतर आता जास्त वेगाला उरते. उलट आपले पुढचे अंतर वाढवावे. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की ‘एकशे एक, एकशे दोन’ असे मोजायला लागावे, एक आकडा म्हणायला साधारण एक सेकंद लागतो. एरवी ‘एकशे दोन’ म्हणून होण्याआधी आपण त्या खांबाशी पोचता कामा नये. मागे कोणी चिकटले असेल तर ‘एकशे चार’पर्यंत मोजून व्हायला हवे. ताशी ६०ला हे सुमारे ६७ मीटर होतात. एवढी जागा कशाला? कारण ब्रेक आता दोघांसाठी दाबायचा असतो. पुढे काही घडले तर आपण सावकाश थांबू शकलो पाहिजे, म्हणजे मागच्यालाही सावकाश थांबता येते. त्या मोकळ्या जागेत कोणी घुसेल, घुसू द्या. पुन्हा मागे सरून अंतर करा. घुसणाऱ्या प्रत्येक गाडीमागे आपले दोन-चार सेकंद जातात, याहून जास्त काही जात नाही.

वेग कमी करण्याआधी पुढचा लिव्हर किंवा पायब्रेक दोन-तीनदा हलकेच दाबावा, दिवा लागेल पण ब्रेक धरणार नाही इतकाच. न रंगवलेला गतिरोधक, खड्डा, रस्त्यावर बसलेली जनावरे आपल्याला दिसतात, मागच्याला दिसत नाहीत. त्याला ती आपल्या दिव्यातूनच कळतात. सोबत डावा हात खाली करून तळव्याने ‘हळू’ अशी खूण करता येते. उजवा हात हँडलवरून काढू नये, कारण पुढचा ब्रेक त्याच हातात असतो.

मग साइड द्यावी. डावा इंडिकेटर लावून डावीकडे सरकावे, पण वेगात डांबर सोडून साइडपट्टीवर उतरू नये. डांबराची कड दोन-तीन इंच उंच असते, खाली खडी, पावसाळ्यात चिखल. पुढचे चाक त्या कडेला घासले की गाडी आडवी होते. पेट्रोल पंप, बसथांबा, धाब्यासमोरची पक्की जागा येईपर्यंत थांबावे, वळणावर साइड देऊ नये. हेही कबूल केले पाहिजे की दुभाजकालगतच्या लेनमधून ताशी ४५-५०ने जाणारे दुचाकीस्वार हे संकट स्वतःवर ओढवून घेतात. ओव्हरटेक झाला की डावीकडे यावे. रात्री मागच्याचा अप्पर आरशातून डोळ्यांत येत असेल तर लेनमध्येच थोडे बाजूला सरकावे आणि नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवावी. मागे वळून रागाने पाहणे, हात उगारणे, धडा शिकवायला कचकन ब्रेक मारणे यांत मरण आपलेच आहे. मोटार वाहन (वाहनचालन) विनियम, २०१७ मध्ये मागच्याने पुरेसे अंतर ठेवण्याचे बंधन आहे, तसेच गरज नसताना अचानक ब्रेक न मारण्याचेही आहे.

दुभाजकातल्या कटमधून उजवीकडे वळणे हा सर्वांत घातक प्रसंग. मागे गाडी चिकटलेली असताना भर वेगाच्या लेनमध्ये थांबायला जाऊच नये. कट सोडून द्यावा किंवा आधीच डावीकडे पूर्ण थांबून दोन्ही बाजू मोकळ्या झाल्यावर रस्ता ओलांडावा. सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीचे मागचे टायर जमिनीला टेकलेले दिसतील इतके अंतर ठेवावे आणि तिच्या नेमके मधोमध न थांबता एका कडेला थांबावे. गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबलेला, नजर आरशात. मागे एखादी गाडी पूर्ण थांबेपर्यंत ब्रेकलाइट दोन-चारदा लुकलुकवत राहावा आणि न्यूट्रल त्यानंतर करावा.

हे सगळे ज्या दिव्यावर अवलंबून आहे, त्याकडे लक्ष कमी जाते. साध्या टेललॅम्पमध्ये १२ व्होल्टचा, २१/५ वॅटचा, दोन तारांचा बल्ब असतो. ५ वॅटची तार रात्रीच्या दिव्याची, २१ वॅटची ब्रेकची. ब्रेकची तार तुटली तरी रात्रीचा दिवा लागत राहतो आणि मालकाला वाटते सगळे ठीक आहे. बल्बच्या दोन पिना कमी-जास्त उंचीवर असतात. जबरदस्तीने उलटा बसवला तर मागचा दिवा कायम भगभगीत आणि ब्रेक दाबला तरी उजेडात फारसा फरक नाही, असा प्रकार होतो. पायब्रेकचा स्विच उजव्या फूटरेस्टजवळ असतो, बारीक स्प्रिंगने पेडलला जोडलेला. ड्रम ब्रेकच्या पेडलला साधारण २० ते ३० मिलिमीटर मोकळी चाल असते. दिवा त्या चालीच्या सुरुवातीलाच, ब्रेक धरण्याआधी लागला पाहिजे. उशिरा लागत असेल तर स्विचचे अंग हाताने घट्ट धरून फक्त नट फिरवावा, म्हणजे स्विच वर येतो आणि दिवा लवकर लागतो. अंगच फिरवले तर वायरी पिळून तुटतात. फार वर घेतला तर दिवा सतत पेटलेला राहतो, आणि सतत पेटलेल्या ब्रेकलाइटकडे मागचा लक्ष देत नाही. क्रम लक्षात ठेवावा: आधी ब्रेक ॲडजस्ट, मग स्विच. ब्रेक कसला की पेडलची चाल बदलते, स्विच पुन्हा पाहावा लागतो. तपासणी सोपी आहे. रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून लावावी, आधी फक्त हाताचा ब्रेक, मग फक्त पायाचा. दोन्ही वेळा भिंत लाल झाली पाहिजे. पावसाळ्यात चिखलाने ती स्प्रिंग गंजते, म्हणून जून ते सप्टेंबर हे दर आठवड्याला करावे.

दुधाचे कॅन, पोती, डिलिव्हरीची पेटी यांनी टेललॅम्प झाकलेला असतो, तेव्हा त्या सामानाच्या मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावावी. काळ्या काचेचे टेललॅम्प मात्र काढूनच टाकावेत. आरसे काढून फिरणाऱ्यांना तर मागे कोण आहे हेच कळत नाही. दुचाकीचे आरसे बरेचदा बहिर्गोल असतात, त्यात दिसणारी गाडी प्रत्यक्षात जास्त जवळ असते, हेही शिकवले गेले पाहिजे.

परिवहन खात्याला दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पीयूसीसाठी दुचाकी केंद्रावर येतेच, तिथेच दोन्ही ब्रेकवर दिवा लागतो का हे पाहावे. त्याला अर्धे मिनिट लागत नाही. पक्क्या परवान्याच्या चाचणीत उमेदवाराला एकदा तरी चालत्या गाडीमागे अंतर मोजून दाखवायला लावावे, चारचाकीच्या उमेदवारालाही. रस्ते बांधणाऱ्यांकडे मागणी आहे ती रंगाची. फ्रान्समध्ये द्रुतगती मार्गांच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून चालक अंतर ठरवतात: पुढच्या गाडीपर्यंत दोन पट्ट्या दिसल्या पाहिजेत. ताशी ८०ला दोन सेकंदांचे अंतर सुमारे ४५ मीटर होते. तशा खुणा पुणे-सातारा रस्त्यावर, खंबाटकी घाटाच्या आधीच्या सपाट पट्ट्यात, काही किलोमीटर रंगवून पाहाव्यात.

आपले,
दुचाकी चालवायला शिकवणारे काही प्रशिक्षक, सातारा