बीच बगी फोक्सवॅगनची नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या वाहन पुरवणीत ‘मेयर्स मँक्स’ ही बीच बगी (वाळूवर पळवायची उघडी, हलकी गाडी) फोक्सवॅगन कंपनीची म्हटली आहे. तिचा तळ आणि इंजिन फोक्सवॅगनच्या ‘बीटल’ मोटारीचे, पण गाडी कॅलिफोर्नियाच्या ब्रूस मेयर्स यांची. फायबरग्लासच्या शिडाच्या होड्या बांधणारा हा माणूस. सपाट फायबर लवतो, गोलाई दिली की तोच ताठ होतो, हे होडी बांधणाऱ्याला ठाऊक असते. मँक्सचे फुगीर मडगार्ड नुसत्या शोभेचे नाहीत.

१९६४ ची पहिली मँक्स, ‘ओल्ड रेड’, वेगळ्या चासीविना (खालच्या सांगाड्याविना) होती. फायबरचे अंगच सगळा भार पेलायचे. गाडी भक्कम झाली, पण अशी किट (घरी जोडायचा सुट्या भागांचा संच) विकून पैसा सुटेना. बाराच निघाल्या. मग मेयर्सनी बॉडी नव्याने आखून ती बीटलच्या तळावर बोल्टने बसेल अशी केली, आणि किट पाचशे डॉलरच्या आसपास आली.

पुढचे काम मात्र घेणाऱ्याच्या अंगावर. बीटलचा तळ मागच्या टॉर्शन बारच्या (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्याच्या) पुढे कापून सुमारे १४ इंच आखूड करायचा. मधल्या बोगद्यातून गिअरचा दांडा, क्लच व ॲक्सिलरेटरच्या केबलच्या नळ्या आणि पेट्रोलची नळी जाते. पेट्रोलची नळी रिकामी न करता वेल्डिंग केले तर आग ठरलेली. गिअरचा दांडाही तेवढाच कापावा लागतो. केबलची नळी जोडावर किंचित वाकली तरी क्लच जड होतो. पक्के वेल्डिंग करण्याआधी तळाचे दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत ना, हे पाहावेच. नाहीतर गाडी कायम एका बाजूला ओढते. बोल्टखाली रुंद वॉशर व रबर नसेल तर जेलकोटला (फायबरच्या वरच्या गुळगुळीत थराला) भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात. फायबरमधून वीज जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला अर्थिंगची स्वतंत्र तार हवी. नवख्यांचे दिवे बहुधा इथेच अडतात.

१९६७ मध्ये मेयर्स आणि टेड मँगल्स यांनी ‘ओल्ड रेड’मधून मेक्सिकोतील ला पाझ ते तिहुआना हे अंतर ३४ तास ४५ मिनिटांत कापून मोटारसायकलचा विक्रम पाच तासांहून अधिक फरकाने मोडला. मागणी उसळली, आणि नकलाही. तयार बॉडीवरूनच साचा काढता येतो, त्याला ना पत्रा दाबायचा प्रेस लागतो ना मोठे भांडवल. असा साचा मूळ मापाचा राहत नाही, कारण फायबरमधले पॉलिएस्टर रेझिन (चिकट राळ) घट्ट होताना आकसते. नकलेच्या नकलेत भोके जुळेनाशी होतात. मेयर्स पेटंट घेऊन न्यायालयात गेले, तिथे ते पेटंटच अवैध ठरले. सुमारे सहा हजार किट विकून १९७१ मध्ये कंपनी बंद पडली. नकला मात्र त्याच्या कित्येक पट रस्त्यावर होत्या.

पुढील अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक