पनामाच्या कालव्यात जहाजावरच थांबा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत क्रूझच्या प्रवासावर आलेला लेख वाचला. जहाज जिथे जिथे थांबते तिथे किनाऱ्यावरची सहल घ्यावीच, दिवसभर जहाजावर बसून राहणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, असा सल्ला त्यात सरसकट दिला आहे. कोलंबियातल्या कार्टाहेनासारख्या बंदरापुरता तो मला मान्य आहे, कारण तिथे जहाज धक्क्याला लागलेले असते आणि पाहण्यासारखे जे आहे ते धक्क्यापलीकडे, जुन्या तटबंदीच्या आत असते. पनामा कालव्याच्या दिवशी मात्र हा हिशेब उलटा होतो, कारण त्या दिवशी पाहायची गोष्ट जहाजाच्या अगदी खाली आणि दोन्ही बाजूंना असते. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे नोकरी करूनही मी हा हिशेब चुकवला, म्हणून हे पत्र.

पुण्याहून या सहलीला जाणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे, तो म्हणजे जहाज कालवा पूर्ण ओलांडणार की अर्धाच. कॅरिबियन समुद्रातून पॅसिफिकमध्ये जाणारे जहाज सुमारे ८० किलोमीटरचा कालवा आठ ते दहा तासांत ओलांडते आणि त्या दिवशी सहसा कोणी उतरत नाही, त्यामुळे निवडीचा प्रश्नच येत नाही. पण फ्लोरिडाहून निघून फ्लोरिडालाच परतणारी अनेक जहाजे फक्त गाटूनची लॉक, म्हणजे पाणी भरून जहाज वर उचलणारे दारांचे हौद, चढतात, वरच्या गाटून तलावात थांबतात आणि दुपारी त्याच वाटेने खाली उतरून कोलोन बंदरात जातात. तलावात थांबले असताना जहाजामार्फत सहल घेतलेल्यांना टेंडर, म्हणजे जहाजाच्या छोट्या बोटी, किनाऱ्यावर सोडतात. तिथून बसने फिरून ही मंडळी संध्याकाळी कोलोनला जहाज गाठतात. सगळी निवड या अर्ध्या फेरीतच करावी लागते, आणि माहितीपत्रकात तर दोन्ही प्रकारांवर ‘पनामा कालवा’ एवढेच छापलेले असते.

लॉक, म्हणजे मराठीत जलपाश, ही व्यवस्था ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गाटूनला एकापाठोपाठ एक अशा तीन पायऱ्या आहेत आणि त्या जहाजाला समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर वर तलावात नेऊन सोडतात. १९१४ साली सुरू झालेल्या जुन्या लॉकमधील प्रत्येक हौद ३०५ मीटर लांब आणि ३३.५ मीटर रुंद आहे. हौद भरण्यासाठी एकही पंप नाही. भिंतींच्या पोटातून साडेपाच मीटर व्यासाच्या मोऱ्या काढलेल्या आहेत, त्यांच्या झडपा उघडल्या की तलावाचे पाणी आपल्या उताराने खाली येते, जसे आपल्याकडे आवर्तन सुटल्यावर मुख्य कालव्यातून चारीत जाते, आणि आठ-दहा मिनिटांत हजारो टनांचे जहाज वर उचलले जाते. दरवाजाचे प्रत्येक दार सुमारे २० मीटर रुंद आणि २ मीटर जाड असून आतून पोकळ आहे, त्यामुळे पाणीच त्याचा बराचसा भार पेलते. आयुष्यभर गेटांना ग्रीस लावून घेण्यासाठी भांडलेल्या माणसाला हे सगळे पाहण्याची ओढ किती असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

आमच्या गटाची सहल पुण्यातल्या एका कंपनीची होती. तिचे नाव घेत नाही, कारण दोष तिचा एकटीचा नाही. ‘सर्व सहली समाविष्ट’ या शब्दांचा अर्थ असा निघाला की कालव्याच्या दिवशीची सहलही आधीच भरलेल्या पैशांत होती आणि न गेल्यास परतावा नव्हता. माझ्या पत्नीचा गुडघा दुखत होता, म्हणून ती जहाजावर थांबली. मी मात्र भरलेले पैसे वाया जाऊ नयेत, या सदाशिव पेठी विचाराने निघालो.

त्या दिवशी पहाटे पाच वाजता आम्ही दोघे पुढच्या डेकवर उभे होतो. अटलांटिक पूल डोक्यावरून मागे गेला. लॉकच्या तोंडाशी दोन माणसे साधी वल्ह्यांची होडी घेऊन आली आणि त्यांनी एवढ्या मोठ्या जहाजाकडे दोर पोचवला. १९१४ पासून इतके बदल झाले, पण ही होडी टिकली आहे. मग भिंतीवरच्या रुळांवरून चालणारी विजेची इंजिने, ज्यांना तिथे ‘म्यूल’ म्हणजे खेचर म्हणतात, घंटा वाजवत दोन्ही बाजूंना आली आणि तारा ताणून जहाज मधोमध धरू लागली. जुन्या लॉकसाठी ठरलेल्या कमाल मापाच्या जहाजाच्या दोन्ही अंगांना जेमतेम ६० सेंटिमीटर जागा उरते, त्यामुळे ही खेचरे जहाज ओढण्यापेक्षा सांभाळण्याचे काम अधिक करतात. पहिला हौद भरला, दुसरा भरू लागला आणि ध्वनिक्षेपकावरून सूचना आली की ज्यांच्या छातीवर सहलीचा क्रमांक चिकटवलेला आहे त्यांनी नाट्यगृहात जमावे. माझा क्रमांक १४ होता. नाट्यगृहाला खिडकी नसते. डोक्यावर टोपी, हातात पाण्याची बाटली घेऊन लाल खुर्चीत बसलो असतानाच तिसऱ्या पायरीने मला आठ-नऊ मीटर वर उचलले आणि ते मला कळलेही नाही.

किनाऱ्यावर काय पाहिले तेही प्रामाणिकपणे सांगतो. बस पनामा शहराच्या बाजूला गेली आणि साडेबाराला आम्ही पॅसिफिककडच्या मिराफ्लोरेस लॉकच्या प्रेक्षागृहात पोचलो. तिथल्या मजल्यावर उभे राहिले की लॉक अगदी समोर दिसतात, पण मोठी जहाजे तिथून प्रामुख्याने सकाळी लवकर आणि मग दुपार कलल्यावर जातात, मधल्या वेळात हौद बहुधा रिकामे असतात. आम्हाला ते रिकामेच दिसले. भर उन्हात चाळीस माणसांनी स्थिर पाण्याचे फोटो काढले, आतले प्रदर्शन पाहिले आणि बस पुढे गेली. जुने शहर सुंदर आहे यात शंका नाही, पण तिथे तासभरच मिळाला.

संध्याकाळी कोलोनला परतलो तेव्हा पत्नी सांगू लागली, आणि तिच्याकडे तांत्रिक शब्द एकही नसल्याने तिचे वर्णन माझ्यापेक्षा सरस होते. “अहो, शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाच्या तिप्पट तरी उंच दारं, आणि मिटताना मधे जरा टोक काढून मिटतात.” ते टोक पाण्याच्या दाबाकडे असते म्हणूनच दारे घट्ट बसतात, हे मी तिला सांगितले, पण पाहिले होते तिने. उतरताना आमच्या बाल्कनीसमोरची ओली, शेवाळलेली भिंत हळूहळू वर सरकत गेली आणि कठड्यावर ठेवलेल्या कपातला चहासुद्धा हलला नाही, असे ती म्हणाली. ते आठ मिनिटांचे चित्रण तिच्या मोबाइलवर आहे. मी ते आजवर किती वेळा पाहिले हे सांगत नाही.

तलावात थांबून राहिलेल्यांना आणखी एक गोष्ट निवांत दिसते. लॉकच्या पश्चिमेला चाग्रेस नदीवर बांधलेले गाटूनचे मातीचे धरण आहे, ज्याची लांबी दोन किलोमीटरहून अधिक आणि तळाची रुंदी सुमारे ८०० मीटर आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, त्यामुळे मातीच्या धरणाकडे आमची पिढी जरा निराळ्या नजरेने पाहते. एक जहाज कालवा ओलांडते तेव्हा सुमारे वीस कोटी लिटर गोडे पाणी समुद्रात जाते. २०२३ मध्ये पाऊस कमी झाल्यावर रोज सोडायच्या जहाजांची संख्या छत्तीसच्या आसपास असायची ती डिसेंबरात बावीसवर आणावी लागली. जुलै महिन्यात रोज सकाळी खडकवासला साखळीतील साठ्याचा आकडा आधी वाचून मग चहा घेणाऱ्या पुणेकराला त्या तलावात उभे राहून बरेच काही कळू शकते.

उतरूच नये, असा माझा आग्रह नाही. ज्यांना पूर्वी जहाजातून लॉक पाहून झाले आहेत, किंवा ज्यांच्याबरोबर एका जागी न टिकणारी मुले आहेत, त्यांनी एंबेरा या तिथल्या आदिवासी लोकांच्या वस्तीवर चाग्रेस नदीतून लाकडी होडीने जावे. कालव्यासाठीच उतरायचे असेल तर मात्र बसची सहल सोडून गांबोआहून निघणाऱ्या फेरीबोटीची घ्यावी. ती कुलेब्रा खिंडीतून जाते आणि पॅसिफिककडची पेद्रो मिगेल व मिराफ्लोरेस ही लॉक पाण्यातूनच उतरते, म्हणजे अर्ध्या फेरीत जो भाग चुकतो तोच हाती लागतो. ज्यांची सहल या बोटीची नाही, त्यांनी दुपारी जहाज कोलोनला लागल्यावर खाली उतरून पाय मोकळे करावेत, तेवढे पुरे. आपले जहाज जुन्या लॉकमधून जाणार की २०१६ साली सुरू झालेल्या आग्वा क्लारा या रुंद लॉकमधून, हेही विचारून ठेवावे, कारण नव्या लॉकमध्ये खेचरे नाहीत, तिथे टग बोटी काम करतात आणि दारे बाजूला सरकतात. माझा ओढा अर्थात जुन्याकडे आहे. सुएझचा विषय निघालाच तर तिथे मी याच्या नेमका उलट सल्ला देईन: त्या १९३ किलोमीटरच्या कालव्याला एकही पायरी नाही, दोन्हीकडे वाळूच वाळू, तेव्हा तिथे खुशाल उतरून पिरॅमिड पाहावेत.

सहल कंपन्यांकडे मागणे एवढेच आहे की कालव्याची फेरी पूर्ण की अर्धी हे माहितीपत्रकात ठळक छापावे आणि त्या दिवशीच्या सहलीचे पैसे वेगळे दाखवून ती ऐच्छिक ठेवावी. आपल्या पुरवणीनेही जाहिराती घेताना एवढे विचारले तर वाचकांवर उपकार होतील.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या लेखात राहून गेली आहे. पनामाचे नाव भारत सरकारच्या पीतज्वराचा (यलो फीवरचा) धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे आणि तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत परतणाऱ्याकडे लसीचे प्रमाणपत्र नसल्यास त्याला विलगीकरणात ठेवता येते. जहाजावरून उतरा अथवा उतरू नका, प्रमाणपत्र जवळ असावे. लस फक्त मान्यताप्राप्त केंद्रांवर मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते आणि आयुष्यभर चालते, पण साठीच्या पुढच्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. फ्रेंचांनी १८८१ मध्ये हाती घेतलेले कालव्याचे काम याच पीतज्वराने आणि हिवतापाने वीस हजारांहून अधिक माणसे गिळल्यावर बंद पडले होते. हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात वाढतात हे १८९७ मध्ये आपल्या सिकंदराबादेत दिसून आले होते, आणि अमेरिकनांनी पुढे कालवा खणताना आधी डासांचाच बंदोबस्त केला.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अभियंता,
कोथरूड, पुणे