आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरना थँक्यू

सिस्टर,

तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "बरं बरं, कार्ड आणलंय का" म्हणून विषय बदलता, म्हणून शेवटी इथेच लिहितेय.

पोरगी दोन वर्षांची असताना भर पावसाळ्यात खोकला झाला होता, ताप काही फार नव्हता, घरात सगळ्यांचं एकच की या दिवसांत होतंच, आणि तुम्ही खरं तर शेजारच्या बाळाच्या लसीची आठवण करायला आलेलात. ती मांडीवर झोपलेली, मी उठवायला लागले तर म्हणालात राहू दे, रडायला लागली की श्वास नीट मोजता येत नाही. मग फ्रॉक वर करून घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट नुसता श्वास मोजत बसलात. ५२ भरले. एक ते पाच वर्षांच्या पोराला मिनिटाला ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद, न्यूमोनिया असू शकतो, हे मला तेव्हा कळलं, तोवर वाटायचं स्टेथोस्कोप लावल्याशिवाय काही समजतच नाही. बरगड्यांखाली आत ओढलं जातंय का तेही बघितलंत, मलाही दाखवलंत कुठे बघायचं ते. आजच पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) न्या, उद्यावर टाकू नका, एवढंच बोललात पण असं बोललात की सासऱ्यांनी मुकाट्याने गाडी काढली. डॉक्टरांनी न्यूमोनियाच सांगितला, अँटिबायोटिक सुरू केलं, अ‍ॅडमिट करायची वेळ आली नाही.

जुलाबाच्या वेळची तर वेगळीच गंमत. पाणी पाजलं की जुलाब वाढतात हे आमच्या सासूबाईंचं पक्कं मत, त्यांच्याशी वाद घालायची आमची कोणाची टाप नाही. तुम्ही वाद घातलाच नाहीत, सरळ ओआरएसचं पाकीट त्यांच्या हातात दिलंत, आजी एक लिटर पाण्यात तुम्हीच कालवा, तुमच्याच हातून पिईल ती. आणि प्यायली! झिंकच्या गोळीबद्दल मात्र कोणाचंच ऐकलं नाहीत, जुलाब थांबले तरी १४ दिवस द्यायचीच.

अंगणवाडीत तुम्ही दंडाला रंगीत पट्टी लावून बघता, एकदा एक पोरगं पिवळ्यात निघालं, म्हणजे दंडाचा घेर १२.५ सेंटीमीटरच्या खाली, मध्यम कुपोषण, तर त्याच्या आईला चारचौघींत काही न बोलता बाजूला घेऊन बोललात. हे मी बघितलंय. आणि वर रजिस्टरं, यू-विन या लसीकरणाच्या ऑनलाइन पोर्टलवरच्या नोंदी, त्यात आमच्याकडे रेंजची बोंब, लसीचा डबा स्कूटीवर. लोक मात्र उशीर झाला की तोंड वाकडं करतात, मला फार राग येतो त्याचा.

आता पाच पूर्ण होतायत तिला. व्हिटॅमिन ए चे नऊही डोस झाले, डीपीटीचा दुसरा बूस्टर तेवढा राहिलाय. तिने जाहीर केलंय की सिस्टरमावशी सोडून कोणाकडून टोचून घेणार नाही, तेव्हा सुट्टीवर जाणार असाल तर आधी सांगा हां.

तिची आई