सईला, शीआनला निघण्यापूर्वी

छत्रपती संभाजीनगर

चि. सई हिस,

आईचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. बाबांच्या गुडघ्याला आता बराच आराम आहे, सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत काठीशिवाय जाऊन येतात.

गेल्या महिन्यात तू म्हणाली होतीस की चीनची सहल ठरतेय, बीजिंग-शांघाय करून शीआनला दोन दिवस. तेव्हा मी काही बोलले नाही, पण दोन रात्री झोप नव्हती. परवा तुझा मेसेज आला, ‘पहिल्या खेपेला आठवडाभर शीआनच करतोय, बाकीचं पुन्हा कधीतरी.’ मला इतका आनंद झाला की बाबांना झोपेतून उठवून वाचून दाखवला. फोनवर सगळं सांगायला गेले की माझं निम्मं राहून जातं, म्हणून हे पत्र. प्रिंट काढून बॅगेत ठेव.

आधी तारखांचं. २ ऑक्टोबरच्या सुटीला जोडून जायचं म्हणतेस, ते रद्द कर. १ ऑक्टोबर हा त्यांचा राष्ट्रीय दिन. तो आठवडाभर अख्खा देश प्रवासाला निघालेला असतो. मातीच्या सैनिकांऐवजी माणसांच्या पाठी बघून परत याल. पंधरा तारखेनंतर निघा. हवा छान गार असते, जवळच्या लिंटोंगची डाळिंबं बाजारात असतात, पर्सिमॉनही पिकलेलं असतं आणि दिवाळीच्या आत घरी पोचता.

आमचं २०१७ साली काय झालं ते तुला थोडं माहीत आहे. ज्या टूरबरोबर गेलो त्यांनी शीआनला दीड दिवस दिला होता. सकाळी मातीचे सैनिक, दुपारी एका रेशमाच्या दुकानात दोन तास. मी टूरच्या गाईड मुलाला विचारत होते, ‘दायान पॅगोडाला कधी जायचं?’ तो म्हणाला, ‘मॅडम, वाटेत दिसेल.’ दिसला, संध्याकाळी, बसच्या खिडकीतून. बाबांनी घाईघाईनं फोटो काढला. त्या फोटोत पॅगोडाच्या बरोबर मध्यावर काचेतल्या दिव्याचा पिवळा ठिपका आहे. एकतीस वर्षं मी वर्गात ज्या ह्युएन त्संगाचा धडा शिकवला, त्याच्या दारावरून बस निघून गेली आणि मी खाली उतरले नाही. गाडी थांबवा म्हणायला हवं होतं. ते अजून मनात आहे.

म्हणून सई, तो एक पॅगोडा तुम्ही नीट बघा. त्याला एक पूर्ण सकाळ द्या, तीसुद्धा शेवटच्या दिवसांतली नको. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, पाय ताजे असताना.

तुला सहावीत अजिंठ्याला नेलं होतं आठवतं? सोळाव्या लेण्याच्या दाराशी दोन दगडी हत्ती आहेत. त्यातल्या एकाला टेकून तू बसलीस आणि उठायला तयार नव्हतीस. ह्युएन त्संग हा चिनी बौद्ध भिक्षू आपल्याकडे साधारण ६४१ साली आला. त्यानं या देशाचं नाव लिहिलं ‘मो-हो-ला-छ’, म्हणजे महाराष्ट्र. राजा पुलकेशी. इथली माणसं उंच, ताठ मानेची, उपकार न विसरणारी आणि अपमान न गिळणारी, सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवून घेणारी, असं त्यानं नोंदवलं. हर्षवर्धनालाही यांना नमवता आलं नाही, हेही लिहिलं. आणि डोंगरात कोरलेल्या एका विहाराचं वर्णन केलं, ज्याच्या दाराबाहेर डावी-उजवीकडे दगडी हत्ती आहेत. ते अजिंठाच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्या घरापासून शंभर किलोमीटरवरच्या हत्तींची गोष्ट ज्या माणसानं छांगआनला नेली, त्याचं गाव तू बघायला चाललीयस. छांगआन म्हणजेच आजचं शीआन. (तिथं ‘ह्युएन त्संग’ म्हटलंस तर कुणाला कळणार नाही. ‘श्वान-त्सांग’ म्हण.)

तो चीनहून निघाला तेव्हा सम्राट थाइत्सोंगाची देशाबाहेर जायला बंदी होती. हा चोरून गेला. ६४५ मध्ये परतला तेव्हा वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ होते आणि तोच सम्राट त्याच्या स्वागताला तयार होता. वाटेत सिंधू ओलांडताना नाव कलंडली, पन्नास पोथ्या वाहून गेल्या आणि इथून नेलेली फुलांची बियाणीसुद्धा. दहाएक वर्षांनी त्यानं मगधातल्या ओळखीच्या भिक्षूंना पत्रं लिहिली. आपले गुरू शीलभद्र गेल्याचं कळलं म्हणून शोक केला आणि सिंधूत गेलेल्या ग्रंथांची यादी देऊन म्हटलं, कुणी येणार असेल तर पाठवा. मुलांना हे सांगताना दर वर्षी मी थोडी थांबायचे. इतका मोठा पंडित, आणि त्याच्या मनात ती बुडालेली पोथ्यांची पेटी तशीच होती.

दायान पॅगोडा ६५२ मध्ये बांधला, त्या ग्रंथांना आगीपासून जपायला. आधी पाच मजली होता, आता सात मजली आहे, चौसष्ट मीटर उंच. ज्या त्सअन विहाराच्या आवारात तो उभा आहे, तो विहार ६४८ मध्ये युवराजानं आपल्या गेलेल्या आईसाठी बांधला. ‘त्सअन’ या नावाचा अर्थच आईच्या मायेचं ऋण असा काहीसा होतो. वर चढायचं तिकीट वेगळं असतं, तेही घ्या. चढण्याआधी दक्षिणेच्या दाराशी जा. दाराच्या दोन्ही अंगांना कोनाड्यांत, जाळीच्या आड, दोन काळे शिलालेख आहेत. एक सम्राट थाइत्सोंगानं त्याच्या भाषांतरांना लिहिलेली प्रस्तावना, दुसरा युवराजाचा लेख. अक्षर छू स्वेइलियांग या सुलेखनकाराचं, साल ६५३. लोक सरळ जिन्याकडे पळतात आणि हे तसंच राहतं. जाळीला डोळा लावून बघ. रेघा बोरूनं काढल्यासारख्या बारीक आहेत म्हणतात, मला त्या पुस्तकातच दिसल्या.

मग सावकाश वर. प्रत्येक मजल्यावर चारी दिशांना खिडकी आहे. दक्षिणेच्या खिडकीतून फोटो काढ आणि मला त्याच दिवशी पाठव. रात्री उत्तरेच्या चौकात कारंज्यांचा खेळ असतो आणि जवळच्या रस्त्यावर थांग काळाची दिव्यांची मोठी आरास. वेळ उरला तर बघा, गर्दी फार असते.

पॅगोडा पाहिलात की दुसऱ्या एखाद्या दिवशी टॅक्सी करून शिंगच्याओ मंदिरात जा. शहराच्या दक्षिणेला, वीसेक किलोमीटरवर, उंचवट्यावर. तिथं ह्युएन त्संगाच्या अस्थी आहेत. तो ६६४ मध्ये गेला, ६६९ मध्ये त्याला इथं आणलं. मधे पाच मजली विटांचा मनोरा त्याचा, दोन्ही बाजूंना त्याच्या शिष्यांचे छोटे. त्यातला एक कोरियाहून आलेला. टूरच्या यादीत हे मंदिर बहुधा नसतं. माझ्यासाठी तिथं एक फूल ठेव. त्याच्या नावेतली आपल्याकडची बियाणी बुडाली होती ना, म्हणून.

मातीचे सैनिक, त्यांच्या भाषेत पिंगमायोंग. त्याला पूर्ण दिवस काढा आणि शनिवार-रविवार टाळा. मेट्रोच्या ९ क्रमांकाच्या मार्गानं ह्वाछिंग तलावापर्यंत आणि पुढं बसनं. दार उघडायच्या वेळेला तिथं असा. आम्हाला पहिल्या दालनात सोडलं आणि त्या प्रचंड खड्ड्यानं डोळे इतके भरले की पुढचं काही दिसेनासं झालं. तुम्ही तिसरं आणि दुसरं दालन आधी करा, पहिलं शेवटी. १९७४ साली विहीर खणताना शेतकऱ्यांना हे सापडलं, हे तुला पाठ आहे. तू बघायचं ते वेगळंच. काचेच्या कपाटात गुडघा टेकून बसलेला एक धनुर्धारी आहे. त्याच्या मागे जा. टाच उचललेली आहे, म्हणून बुटाचा तळवा दिसतो. त्यावर टाके कोरलेत, चवड्याशी आणि टाचेशी दाट, मधे विरळ. गोधडी शिवताना आजी काठाला जसे दाट टाके घालायची तसे. बावीसशे वर्षांपूर्वीचा कुंभार, ही मूर्ती जमिनीखाली पुरणार हे त्याला माहीत होतं, तरी त्यानं तळव्याची शिवण चुकवली नाही. मी तिथंच उभी राहिले होते, तेवढ्यात शिट्टी वाजली.

सैनिक मुळात रंगवलेले होते. उकरून हवा लागली की खालचं लाखेचं अस्तर वाळून काही मिनिटांत सुटायला लागतं आणि रंग गळून पडतो. ज्याच्यासाठी हे सैनिक पुरले, त्या पहिल्या चिनी सम्राटाची स्वतःची कबर अजून उघडलेली नाही, त्यामागं ही भीतीही आहे. मला हे फार बरं वाटतं. ब्राँझचे रथ मात्र चुकवू नका. ते आता कबरीच्या बागेजवळच्या वेगळ्या संग्रहालयात आहेत, तिकडे आवारातली बस जाते.

शहराच्या तटावर सायकल चालवाच. मिंग काळातला तट, फेरी जवळजवळ चौदा किलोमीटरची, वरचा रस्ता आपल्या गल्लीपेक्षा रुंद. पोचलात त्याच संध्याकाळी दक्षिण दरवाजातून चढा. फरसबंदी खडबडीत आहे, हाडं खिळखिळी होतात, त्यामुळे पाऊण तास केलात तरी पुरे. तटाच्या आत, त्याच दरवाज्याजवळ शिलालेखांचं वन, म्हणजे दगडी लेखांचं संग्रहालय आहे, १०८७ पासूनचं. ८३७ मधले ११४ दगड, त्यांवर कन्फ्यूशियसच्या परंपरेतले ग्रंथ अख्खे कोरलेले, म्हणजे नक्कल करताना कुणाची चूक होऊ नये. आणि ७८१ चा तो ख्रिस्ती शिलालेख, ज्याच्या कडेला सिरियाक या पश्चिम आशियातल्या लिपीतली नावं आहेत. चांदोबासारखं चाळायचं ठिकाण नाही ते, एकेक दगड वाचायचा. वाचता आलं नाही तरी उभं राहायचं.

शान्शी इतिहास संग्रहालय सोमवारी बंद असतं. आरक्षण काही दिवस आधी उघडतं आणि बघता बघता संपतं, तेव्हा ते काम निखिलरावांवर सोपव, त्यांना रेल्वेच्या तत्कालची सवय आहे. नाहीच मिळालं तर रडत बसू नका, शाओयान पॅगोडाशेजारचं शीआन संग्रहालय करा. तो पॅगोडा मला दायानपेक्षाही देखणा वाटतो, निमुळता, १५५६ च्या भूकंपात शेंडा गेलेला. परतीच्या दिवशी विमानतळाच्या वाटेवर हान सम्राट जिंगची समाधी लागते. काचेच्या जमिनीवरून चालत खाली मातीची डुकरं, शेळ्या, कुत्रे बघायचे. विमान दुपारनंतरचं असेल तर थांबा.

ह्वाशान डोंगराचं मात्र मनातून काढ. रेल्वेनं अर्ध्या-पाऊण तासावर आहे, सुंदर आहे, पण एक अख्खा दिवस आणि दोन दिवसांचे पाय घेतो.

आता खाणं. निखिलरावांसाठी फोनमध्ये चिनी अक्षरांत लिहून ठेव: मांस नको, मासे नकोत, मांसाचं सूपही नको. शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण नूडल्स साध्या दिसतात आणि रस्सा मटणाचा असतो. लियांगफी मागवायचं, म्हणजे गार नूडल्स, व्हिनेगर आणि लाल तेलातल्या. आणि पट्ट्यासारख्या रुंद नूडल्स मिळतात, त्यांवर लसूण आणि तिखटाची ढीगभर पूड ठेवून वरून कडकडीत तेल ओततात. चर्रर्र आवाज झाला की डोळे मिटून आपलं स्वयंपाकघर आठवावं, वरून फोडणीच ती. तू मटण खातेस, तर ड्रम टॉवरमागच्या मुस्लिम मोहल्ल्यात फाओमो खा. हातात कोरडी रोटी देतात, ती आपण चुरायची. बाबांनी मोठाले तुकडे केले. वाढणाऱ्या बाईंनी वाडगा परत त्यांच्यापुढं ठेवला, एक तुकडा घेतला, चण्याच्या डाळीएवढा केला आणि बोटावर ठेवून दाखवला. पंधरा मिनिटं आम्ही दोघं मान खाली घालून चुरत बसलो होतो. मग वरून रस्सा. भाकरी कुस्करून खाणाऱ्याला ते परकं वाटत नाही. त्याच मोहल्ल्यात आत मोठी मशीद आहे, उतरत्या छपरांची, मंदिरासारखी दिसणारी. बाहेरचा गोंगाट तिच्या अंगणात येत नाही. दमलात की तिथं बसा.

व्हिसाचं आधी बघा. पासपोर्ट रोज जवळ ठेवा, प्रत्येक तिकिटाला लागतो. पैसे सगळे फोनवरून देतात, अलिपे या ॲपला कार्ड इथूनच जोडून घ्या आणि थोडे युआन रोख ठेवा. हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप आणि गूगल चालत नाही, म्हणून आपल्या सिमचं रोमिंग घ्या. नाहीतर मी इकडे फोनकडे बघत बसेन. तिथं घड्याळ अडीच तास पुढं असतं, तुझे रात्रीचे दहा म्हणजे आमचे साडेसात. जेवणाआधी एक फोन कर.

बाबा शेजारून सांगतायत की सईला म्हणावं, फोटो काचेतून काढू नकोस.

तुझी,
आई

ता. क. पॉवर बँक नेणार असाल तर तिच्यावर चीनचा थ्री-सी हा सुरक्षिततेचा छाप आहे का बघ. तिथल्या देशांतर्गत विमानात त्याशिवायची आता घेत नाहीत. आणि येताना रेशीम आणू नकोस. शिलालेखांच्या वनात कोरीव अक्षरांचे शाईचे ठसे विकायला असतात, त्यातला एक छोटा आण, गुंडाळी करून, नळीत घालून.