लेखकराव, आधी टेम्पोचं माप घ्या

सोलापूर
कोजागरी पौर्णिमा

प्रिय लेखकराव,

चिडू नकोस, कंपनीत आता सगळे तुला हेच म्हणतात.

तुझं नाटक मिळालं. पहिल्यांदा प्रेक्षक होऊन वाचलं, एका बैठकीत, समोरचा चहा निवून गेला. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन वाचलं, टेम्पोत सामान भरणारा माणूस म्हणून. पहिल्या वाचनाबद्दल दादा लिहितील. दिग्दर्शक ते, मी त्यात तोंड घालत नाही. दुसऱ्या वाचनाचं पत्र मात्र माझ्या गळ्यात आलं. "तुझा मित्र ना तो, मग तूच सांग," असं म्हणून सगळे मोकळे झाले.

तर ऐक. तुझ्या पहिल्या पानावर दुमजली वाडा आहे. वर सज्जा, खाली चौक, चौकात आड, ओसरीवर पितळी कड्यांचा झोपाळा. दुसऱ्या अंकात पाऊस, आणि तो "खरा" असं तू कंसात लिहिलंयस. माणसं अकरा. बे, आपल्याकडे टेम्पो एक आहे.

तुला वाटतं नाटक तू लिहितोस, दादांना वाटतं ते बसवतात. माझ्या मते आमच्या प्रत्येक नाटकाचा निम्मा आकार आप्पा ड्रायव्हर ठरवतो. त्याच्या ४०७ टेम्पोचा हौदा दहा फुटी. त्यात जे उभं राहत नाही ते रंगमंचावर उभं राहत नाही. फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतीचे सुटे तुकडे, आम्ही आठ बाय चारचे करतो, लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणून, खळ देऊन, वर रंग. प्लायवुडचे दणकट होतात, पण ते उचलणाऱ्या कंबरा आमच्याच. उंची जास्त हवी असेल तर वर दोन फुटांची पट्टी बिजागरीवर चढते. बिजागरीची खीळ ओढली की फ्लॅट सुटा. खिळे ठोकायचे नाहीत हा पहिला नियम, कारण निम्म्या ठिकाणी रंगमंच म्हणजे मंगल कार्यालयाचं स्टेज, खाली फरशी, आणि एक टवका उडाला की मालक डिपॉझिट ठेवून घेतो. फ्लॅटच्या मागे टेकू, टेकूवर वाळूच्या पिशव्या. पिशव्या रिकाम्या न्यायच्या, वाळू तिथे भरायची. कुठल्याही गावात कुठे ना कुठे बांधकाम चाललेलं असतंच.

भरण्याचीही एक गंमत आहे. तिकडे पोचल्यावर आधी लागतात दिवे आणि वायरी, मग सेट, शेवटी कपडे. म्हणजे भरताना उलटं, कपडेपटाच्या पेट्या सगळ्यांत आत. पण प्रयोग संपल्यावर कपडे येतात सगळ्यांत शेवटी! नट मंडळी मेकअप न उतरवता लोकांबरोबर फोटो काढत असतात आणि कपडेपटवाल्या मावशी विंगेत हँगर घेऊन ओरडत असतात. या एका कारणाने कित्येक रात्री टेम्पो तासभर उभा राहायचा. आता पेट्या टेम्पोत जातच नाहीत, माणसांच्या क्रूझरच्या टपावर बांधतो. नटांना उशीर झाला तर तो त्यांचा त्यांना, आप्पा सामान घेऊन पुढे निघतो.

आता तू म्हणशील, पूर्वीच्या कंपन्या एवढा लवाजमा घेऊन फिरत होत्याच की. फिरत होत्या. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली, तिचे गालिचे, मखमल आणि अत्तर यांच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतोय. कर्जाच्याही ऐकतोय, ते सोडून दे. पण त्या कंपन्या रेल्वेने यायच्या आणि गावात बिऱ्हाड करून राहायच्या. एकदा सेट उतरवला की त्यावर कितीतरी खेळ व्हायचे. आम्ही दुपारी तीनला बार्शीत उतरवतो, रात्री साडेनऊला तिसरी घंटा देतो, साडेबाराला पडदा पाडतो आणि पहाटे साखर पेठेत परत. माझ्या मते नाटकांचे सेट लहान झाले त्यात सिनेमापेक्षा या परतीच्या प्रवासाचा वाटा मोठा. दादांना हे पटत नाही.

तुझ्या डोळ्यांसमोर लिहिताना हुतात्मा स्मृती मंदिर आहे हे उघड दिसतं. साहजिक आहे, तिथेच आपण दोघं वाढलो, राज्य नाट्य स्पर्धेची नाटकं बघत, मागच्या रांगेत चिवडा खात. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांच्या नावाचं ते नाट्यगृह, तिथे पाऊल टाकताना अजूनही मी आपोआप चप्पल काढतो. विंगा आहेत, रंगपट आहे, मागून इकडून तिकडे जाता येतं. तिथे तुझा वाडा, जरा छाटून, उभा करता येईल. पण तो एक प्रयोग झाला. बाकीच्यांचं काय?

एका तालुक्याच्या गावी आम्ही दरवर्षी जातो. स्टेजच्या पाठीमागे थेट भिंत, मागून वाट नाही. डाव्या विंगेतून गेलेल्या नटाला उजवीकडून यायचं असेल तर दाराबाहेर पडून, अख्ख्या इमारतीला वळसा घालून, स्वयंपाकघराच्या ओट्याजवळून पळत यावं लागतं. आमचा फौजदार एकदा असा पळाला तर मागे कुत्री लागली. आत दोन पात्रं त्याची वाट बघत आंब्याच्या भावाबद्दल बोलत राहिली, आणि लोकांना तोच प्रवेश सगळ्यांत आवडला. म्हणून एक साधी विनंती: डावीकडून गेलेलं माणूस डावीकडूनच परत येऊ दे. तुझ्या नाटकात मोजून बघ, थोरला मुलगा दर दोन पानांनी बाजू बदलतो.

दिव्यांचं जरा सविस्तर सांगतो, कारण तू "हळूहळू संध्याकाळ होते" हे वाक्य सात ठिकाणी लिहिलंयस.

जुना हॅलोजन हजार वॅटचा. म्हणजे एका दिव्याला चार अँपिअरच्या वर. आठ लावले की पस्तीसच्या आसपास गेलो. नाट्यगृहात काही वाटत नाही, पण कार्यालयाच्या बोर्डावर तेवढ्यात काहीतरी गरम व्हायला लागतं आणि वास येतो. जत्रेत तर विचारूच नकोस. एका गावी मंडपवाल्याच्या जोडणीत न्यूट्रलची वायर ढिली होती. थ्री फेजमध्ये न्यूट्रल सुटली की एका फेजवर व्होल्टेज पडतं आणि दुसऱ्यावर चढतं, दोनशेतीसचं पार तीनशेच्या पुढे. नायिका "उजेड कुठे आहे हो?" म्हणाली आणि समोरचे तीन दिवे एकामागून एक फटाफट फुटले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, इफेक्ट समजून. सरपंचांनी मध्यंतरात येऊन पाठ थोपटली. मी हो म्हटलं, काय करणार.

त्यानंतर जवळपास सगळं एलईडीवर नेलं. एक दिवा दीडशे-दोनशे वॅटचा, रंगासाठी दिव्यापुढे लावायच्या जेल पेपरची कटकट नाही, पेटीत हलके. पण स्वस्तातल्या एलईडीला एक खोड आहे: उजेड अगदी कमी करत आणला की तो मावळत नाही, पायरी पायरीने खाली उतरतो आणि शेवटी पटकन विझतो. प्रेक्षकाला ते झटके दिसतात. म्हणून दोन हॅलोजन मी मुद्दाम ठेवलेत, फक्त संध्याकाळींसाठी. त्यांचा तंतू तापलेला असतो, तो सावकाश लाल होत जातो, तसा रंग एलईडीला विकत घेऊनही येत नाही. आता त्या दोन दिव्यांवर तू सात संध्याकाळी मागतोयस. एक दे. पहिल्या अंकाच्या शेवटची, आई दारात उभी राहते ती. तिला मी असा उजेड देईन की तू पुण्याहून बघायला येशील.

खरा पाऊस नाही. पाणी, वायरी आणि अनवाणी नट एका जागी, हे मी जिवंत असेपर्यंत होणार नाही. पावसाचा आवाज आम्ही सुपात ज्वारी फिरवून करतो, माइक खाली धरून. मंगळवेढ्याची मालदांडी घेतो, तिचा दाणा टपोरा, पाऊस दमदार पडतो. तांदळाने नुसती भुरभुर होते. गडगडाटाला पत्रा आहेच. आणि नट भिजलेला दाखवायचा तर विंगेत बादली ठेवतो, डोक्यावर तांब्याभर ओतून आत पाठवतो. एप्रिलात ते स्वतःहून दोन तांबे मागतात. त्रेचाळीस अंशांत पत्र्याच्या छपराखाली चिकटवलेली मिशी निम्म्या अंकात ओठावर उतरते, म्हणून फौजदाराने आता घरचीच वाढवलीय.

माणसं अकरा. क्रूझरमध्ये मावशी, संगीतवाला, मी आणि आणखी एक हात धरला तर कलाकारांना सहाच जागा उरतात. हे सहाजण नुसती कामं करत नाहीत. पोस्टमन झालेला पडदा ओढतो, शेजारीण झालेली मध्यंतरात फ्लॅट फिरवते. तेव्हा अकराचे सहा कर. वकील आणि मामा एकच नट करू शकेल, ते कधी समोरासमोर येत नाहीत, मी तपासलंय. थोरली सून आणि नर्स यांचंही जमेल, फक्त मधे दीड पान जास्त लिही. मावशींनी शिवलेली नऊवारी केलीय, मागे हूक आणि वेल्क्रो, दीड मिनिटात उतरते. पण पायातली जोडवी, अंबाडा, कुंकवाचा आकार, हे सगळं धरून दीड पान. तेवढं दे. मावशींचं म्हणणं, "लेखकाला सांग, बाई कपडे बदलते तेव्हा बाकीच्यांनी काहीतरी महत्त्वाचं बोलावं, नाहीतर लोकांना कळतं." मला हे नाट्यशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा खरं वाटतं.

भाषेबद्दल एकच. तुझे श्लेष सुंदर आहेत, पण निम्मे पुण्यात ठेव. अक्कलकोटला समोर बसलेल्या बऱ्याच घरांत कानडी बोलतात. आपल्या पूर्व भागात तेलुगू. कलबुर्गीला मराठी मंडळी हौसेने येतात, पण शेजारच्यांनाही घेऊन येतात. तिथे शब्दाचा खेळ घसरून जातो आणि नात्याचा खेळ बरोबर लागतो. सासऱ्याने सुनेकडे न बघता तिच्याकडे ताट सरकवणं, याला तिन्ही भाषांत एकाच जागी हुंकार येतो. आवाजाचं बघायला नको, आमची तालमीची खोली कापडाच्या मागांच्या शेजारी आहे. त्या खटखटीवर बोलून बोलून सगळ्यांचे आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातात, घरी बायकोशीही तसंच बोलतात.

काय ठेवायचं तेही सांगतो, नाहीतर म्हणशील याने नुसती कात्रीच चालवली. दुसऱ्या अंकातला शेंगा फोडायचा प्रवेश एका अक्षरानेही बदलू नकोस. तिघी जावा, मधे सुपात शेंगा, चार पानं कुणी मुद्द्याचं बोलत नाही आणि सगळं कळतं. सामान म्हणशील तर दोन किलो शेंगा, त्याही नट खाऊन टाकतात. टरफलं फुटायचा आवाज मी माइकशिवाय ऐकवून दाखवतो. आणि दार ठेव. वाडा दारावर उभा करू. खरं, जड, सागवानी दार, चौकटीसकट. जुन्या वाड्याचं एक बाजारात बघून ठेवलंय, आप्पाने माप घेतलं, तिरपं घातलं तर बसतं. अडसर पडल्याचा आवाज एकदा नीट आला की वरचा मजला लोक स्वतःच बांधून घेतात. सज्ज्यावरचं बोलणं पडद्यामागून येऊ दे. झोपाळ्याला वरून टांगायला नव्वद टक्के ठिकाणी काही नसतं, आणि स्वतःची लोखंडी चौकट न्यायची तर दार घरी राहील. झोपाळा किंवा दार, तूच निवड. आडाबद्दल दादांचा आग्रह आहे, म्हणून नुसता कठडा करतोय, दोन तुकड्यांत, आत वायरींचे बोळे भरून नेता येतील असा.

वेळेचं गणित असं. संहितेची स्वच्छ प्रत दिवाळीपर्यंत हवी, कारण रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायची आहे, त्यांचं प्रमाणपत्र आल्याशिवाय प्रयोगाची पाटी लावता येत नाही. नंतर "एक छोटासा प्रवेश सुचलाय" असं लिहू नकोस. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सोलापुरात प्रयोग लावायचा नाही. सिद्धेश्वराची यात्रा असते, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, होम होतो, गड्ड्यावर पाळणे फिरतात, त्या दिवसांत आमचे स्वतःचे नातेवाईकही नाटकाला येत नाहीत. मीही जात नाही, मी नंदीध्वजांमागे असतो. प्रजासत्ताक दिनाच्या आसपास पहिला प्रयोग हुतात्मात, मग लगेच तुळजापूर, बार्शी, मंगळवेढा. पैशाचं विचारलं होतंस. लेखकाला प्रत्येक प्रयोगाला पाकीट मिळेल, नटांच्या नाईटच्या, म्हणजे प्रयोगाच्या मानधनाच्या, आधी, पण डिझेलच्या नंतर.

पहिल्या प्रयोगाला येशीलच. बार्शीलाही ये, आणि प्रेक्षकांत बसू नकोस, आमच्याबरोबर क्रूझरमध्ये ये. एक फ्लॅट उचलायला देईन.

घरी काकूंना नमस्कार. वकील-मामाचं आणि दार-झोपाळ्याचं काय ते आठवड्यात कळव. दाराचा मालक थांबायला तयार नाही आणि मावशींनी कापडाला आगाऊ पैसे मागितलेत.

तुझा,
दिवेवाला