दोन पीएनआर, एकच विमान

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं नागपूरहून बंगळूरला विमानाने गेलो. माझं तिकीट मुलीने आधीच काढून ठेवलं होतं. यांचं येणं मागाहून ठरलं, ते तिकीट जावयांनी काढलं. त्यामुळे पीएनआर, म्हणजे आरक्षणाचे क्रमांक, दोन झाले.

माझी बॅग १९ किलो भरली, यांची ९. दोन्ही मिळून २८, आणि दोन तिकिटांवर नेता येतं ३० किलो. तरी काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, "पीएनआर एक असता तर वजन एकत्र धरलं असतं, काकू. आता चार किलोंचे पैसे भरा, नाहीतर सामान काकांच्या बॅगेत हलवा." दर किलोला ५५० रुपये. काउंटर बंद व्हायला दहा मिनिटं होती.

मागे रांग, आणि मी फरशीवर बसून बॅग उघडलेली. बाळाच्या गोधड्या, दुपटी, जुन्या सुती साड्या यांच्या बॅगेत कोंबल्या. डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा मात्र काही केल्या त्यात बसेना. शेवटी दोन किलोंचे ११०० रुपये भरले. विमानात चढलेलं वजन आधी २८ किलो होतं, नंतरही २८ किलोच.

सुरक्षेच्या नियमाबद्दल माझी तक्रार नाही. सुकं खोबरं सामानात चालत नाही, त्यातल्या तेलाने पेट घेण्याची भीती असते, हे जावयांनी आधी सांगितलं होतं. खोबऱ्याच्या वाट्या आम्ही घरीच ठेवल्या. पण एकत्र रांगेत उभ्या असलेल्या नवरा-बायकोचं वजन वेगळं धरण्यामागे कुठली सुरक्षा आहे?

रेल्वेच्या स्लीपरमध्ये माणशी ४० किलो सामान मोफत नेता येतं. विमानाला वजनाची मर्यादा लागणारच, ते मान्य. पण दराचं काय? २०१६ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने १५ ते २० किलोंमधल्या जादा सामानाला किलोमागे १०० रुपयांची मर्यादा घातली होती. २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. काउंटरवर बोर्डिंग पास देण्यासाठी वेगळे पैसे घ्यायचे नाहीत, असं केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये बजावलं, तसं सामानाच्या बाबतीतही करायला काय हरकत आहे?

माझे वडील किराणा दुकानदार. त्यांच्या तराजूवर दरवर्षी सरकारी शिक्का बसायचा आणि भाव पाटीवर लिहिलेला असायचा. गिऱ्हाईक दाराशी आलं की आधी पाटी वाचायचं. विमानतळावर दर कळतो तो बॅग काट्यावर ठेवल्यावर, घरी परतायची सोय उरलेली नसताना.

एकाच विमानाचे, एकत्र आलेले प्रवासी असतील तर पीएनआर न बघता त्यांचं वजन एकत्र धरावं. जादा सामानाचा किलोमागचा दर तिकिटावर प्रवाशाच्या नावाखालीच मोठ्या अक्षरांत छापावा. आणि विमानतळाच्या दाराशी एक वजनकाटा ठेवावा, म्हणजे बायाबापड्यांना चारचौघांत बॅगा उघडून बसावं लागणार नाही. माझ्या शेजारीच एक आजी औषधांची पिशवी रिकामी करत होत्या. त्यांच्यासोबत तर कुणीच नव्हतं.

एक निवृत्त शिक्षिका, वर्धा